दहावीपासून ऑनलाइन शाळा: कोणी केलंय का? पर्याय सुचवा

ऋजुता_नाशिक

नमस्कार मंडळी,

"आता हे काय नवीन खूळ" असं ज्यांना वाटेल त्यांना आधीच सांगते, घरात हे वाक्य म्हणून झालेलं आहे.

मुलगी नववीत आहे. राज्य मंडळ, सेमी इंग्रजी. लांब पल्ल्याचं धावते आणि बरं धावते, असं तिचे कोच म्हणतात. (नाशिकमध्ये धावणाऱ्या मुलीला कविता राऊतचं नाव ऐकवल्याशिवाय कोणी सोडत नाही, ते वेगळं.) पहाटे सराव, दुपारी बारा ते साडेपाच शाळा, तिथून थेट मैदान, घरी आल्यावर क्लासचं पाणी गळ्यापर्यंत. पुढच्या वर्षी दहावी. पोर ताटावर बसल्या बसल्या झोपते.

तर मी असा विचार करतेय की दहावी ते बारावी घरून, ऑनलाइन करावं. शोधल्यावर तीन गोष्टी समोर आल्या. एक एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दुसरी १७ नंबरचा फॉर्म, हे नवऱ्याचं मत. तिसरी खासगी कंपन्यांच्या 'ऑनलाइन शाळा', ज्यांची फी ऐकून मला माझी इंजिनिअरिंगची फी आठवली. सासूबाईंचा प्रश्न एकच, "शाळा सोडली म्हणून लोकांना काय सांगायचं?"

तिला पुढे फिजिओथेरपी करायचीय. त्यामुळे बारावी सायन्स आणि 'नीट' ही प्रवेशपरीक्षा डोक्यात ठेवून सांगा. ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांचं केलंय त्यांचे अनुभव हवेत. उपदेश चालेल, पण बेताने.

चकली_कडबोळं

वाचतेय. भाचीसाठी हीच माहिती हवी होती.

खडूफळा

ऋजुताताई, माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

'ऑनलाइन शाळा' म्हणताना आपण तीन कामं एकत्र करतो: शिकवणार कोण, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणार कोण, आणि मूल दिवसभर कोणाच्या नजरेखाली असणार. जाहिराती पहिल्याबद्दल बोलतात. पालकांनी सुरुवात दुसऱ्यापासून करावी. तिसऱ्याबद्दल कोणीच बोलत नाही, कारण ते काम शेवटी आईकडे येतं.

एनआयओएस हे मंडळ आहे, सीबीएसईसारखंच केंद्राचं. १९७९ साली सीबीएसईचा एक प्रकल्प म्हणून सुरू झालं, १९८९ मध्ये स्वतंत्र झालं. दहावीला किमान वय १४. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते आणि तेवढ्यात ९ संधी मिळतात, एकेक विषय सुटा सुटाही देता येतो. धावणाऱ्या मुलीला ही मोठी सोय. शिवाय प्रत्येक विषयाला टीएमए म्हणजे घरी लिहून द्यायचा स्वाध्याय असतो, त्याचे २० टक्के गुण. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते.

१७ नंबर म्हणजे आपल्याच राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देणं. तीच पुस्तकं, तीच प्रश्नपत्रिका, तोच फेब्रुवारी-मार्च. सवलत फक्त वर्गात न बसण्याची.

आणि परीक्षा यातली कोणतीही ऑनलाइन नाही. केंद्रावर जाऊन, बाकावर बसून, पेनानेच लिहायची आहे. दिवसभर स्क्रीनवर शिकलेल्या मुलांचे तीन तासांच्या पेपरात हात दुखतात, हे २०२२ च्या परीक्षेला डोळ्यांनी पाहिलं आहे.

बेभान_बाबा

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पंधराव्या वर्षी मुलीला घरात एकटीला लॅपटॉपसमोर बसवायचं? शाळा म्हणजे काय फक्त पोर्शन असतो का? डबा वाटून खाणं, बाकावर नाव कोरणं, स्नेहसंमेलनात आयत्या वेळी माइक बंद पडणं, हे कोणतं ॲप देणार? मागच्या पिढीतले खेळाडू काय शाळा सोडून खेळले?

ऋजुता_नाशिक

काका, राग नाही. पण डबा वाटून खायला ती जागी तर असायला हवी ना! मधल्या सुट्टीत बाकावर डोकं ठेवून झोपते असं तिच्या बाईंनीच सांगितलं.

खडूफळा सर, दिवसभराच्या नजरेचा मुद्दा बरोबर लागला. मी घरून काम करते, पण ते 'घरी असणं' नव्हे हे मला ठाऊक आहे.

लातूरी_लवंगी

एवढा विचार कशाला ताई? अकरावीत आमच्याकडं या. आमच्याकडं व्हर्च्युअल कॉलेज कधीचंच आहे. नाव एका कॉलेजात, पोरगं दुसऱ्या गावातल्या क्लासमध्ये, हजेरी तिसऱ्याच कोणीतरी लावलेली. इंटरनेटसुद्धा लागत नाही! 😀

२०१८ ला सरकारनं सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी काढली तेव्हा काही दिवस मजा आली. पोरांना अंगठा द्यायला कॉलेज कुठाय ते विचारत विचारत जावं लागलं.

(हलके घ्या. पण फार हलकंही घेऊ नका.)

खडूफळा

लवंगी, विनोद बाजूला, पण या डमी प्रवेशांवर सीबीएसईने २०२५ मध्ये सरळ सांगितलं आहे की वर्गात न दिसणाऱ्या विद्यार्थ्याला बोर्डाची परीक्षा देऊ देणार नाही, त्याने मुक्त विद्यालयातून बसावं. म्हणजे जे लोक आज चोरून करतात त्यासाठी उघड, कायदेशीर रस्ता आहे. तो घ्यायची लाज मात्र वाटते. गंमत आहे.

नीटनेटकी

मी डॉक्टर आहे, मुलगा गेल्या वर्षी नीटच्या चक्रातून गेला. फिजिओथेरपीसाठी महाराष्ट्रात प्रवेश नीटवरूनच होतो, त्यामुळे हे लक्षपूर्वक वाचा.

मुक्त विद्यालयातून बारावी केलेल्यांना नीटला बसू द्यायचं नाही असा नियम मध्यंतरी होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ पर्यंत वैद्यकीय आयोगानेच मान्यता दिली, तेव्हा तो प्रश्न मिटला. तरी ओळखीचे लोक "एनआयओएसवाल्यांना नीट देता येत नाही" हे अजून छातीठोकपणे सांगतात. ऐकू नका. जेईईलाही चालतं, फक्त बारावीला पाच विषय हवेत.

खरा खड्डा वेगळा आहे. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवास तर लागतोच, शिवाय दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली लागते. एनआयओएस घ्याल तर अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच निवडा. नातेवाईक दिल्लीत आहेत, तिथलं केंद्र चांगलं आहे, असला मोह नको. प्रवेशाच्या वेळी माहितीपुस्तिकेतलं ते कलम शब्द न् शब्द वाचा, दर वर्षी वाचा.

आणि बारावीला भौतिक, रसायन, जीव या तिन्हींना प्रात्यक्षिक आहे. ते केंद्रावरच होतं. काही केंद्रांवर प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेली एक खोली असते. नोंदणीआधी जाऊन ती खोली उघडायला सांगा.

दिल्लीदूर_नाही

दिल्लीचं नाव निघालंच आहे तर. ३१ ऑगस्ट २०२२ ला केजरीवालांनी 'दिल्ली मॉडेल व्हर्च्युअल स्कूल' जाहीर केली, नववी ते बारावी, देशातल्या कुठल्याही मुलाला खुली, 'देशातली पहिली व्हर्च्युअल शाळा' म्हणून. त्यावर एनआयओएसने लगेच सांगितलं की अशी शाळा आम्ही ऑगस्ट २०२१ मध्येच सुरू केली. दोन दिवस टीव्हीवर पहिलं कोण यावर चर्चा. मुलं काय शिकतात यावर कोणी बोललं नाही.

बेभान_बाबा

+१. हे मात्र पटलं.

टँपाची_माई

फ्लोरिडातून लिहितेय. इथे फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून आहे, राज्याची शाळा, राज्यातल्या मुलांना मोफत. तुमच्या नियोजनाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट तिच्यात आहे, म्हणून सांगते. तिथे पूर्णवेळ शाळा आहे आणि 'फ्लेक्स' म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात मूल आपल्या नेहमीच्या शाळेत राहून एखादाच विषय ऑनलाइन घेऊ शकतं. माझ्या लेकाने असंच केलं. शाळेत सकाळचे तास, दोन विषय घरून. सगळं किंवा काहीच नाही असा प्रश्न आमच्यापुढे आलाच नाही.

मला वाटलेलं, व्हिडिओ बघायचे आणि बटणं दाबायची. तसं नाही. प्रत्येक टप्प्यावर बाईंशी फोनवर बोलावं लागतं, त्या तोंडी प्रश्न विचारतात, धडा खरंच कळलाय की कुठून उतरवलाय ते दोन मिनिटांत कळतं. पोरगा त्या फोनला परीक्षेपेक्षा जास्त घाबरायचा.

त्रास झाला तो एपीच्या परीक्षेला (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेजच्या पातळीच्या विषयांची परीक्षा). विषय ऑनलाइन घेतला तरी परीक्षेची जागा जवळच्या शाळेत आपणच मागून घ्यायची, तीही मे महिन्यातल्या परीक्षेसाठी आधीच्या शरद ऋतूत. आयत्या वेळी कोणी दारात उभं करत नाही.

आणि ऋजुता, मुलीला उद्या अमेरिकेत कॉलेजसाठी धावायचं असेल तर एनसीएए, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची संघटना, ऑनलाइन घेतलेले विषय वेगळे तपासते. शिक्षकाशी नियमित संपर्क होता का, हे बघते. सगळे ईमेल, गृहपाठ जपून ठेवायचे.

गोदाकाठ

माई, मग इथून भारतात बसून तिकडची ऑनलाइन हायस्कूल केली तर? जाहिराती सारख्या दिसतात, 'अमेरिकन डिप्लोमा घरबसल्या'.

टँपाची_माई

पैसे भरून करता येतं. करावं का, ते भारतातले लोक सांगतील.

शारजाहकर

मी सांगतो. जाहिरातीत 'मान्यताप्राप्त' लिहिलेलं असतं. कोणाची मान्यता, हे विचारायचं. परदेशी मंडळाचं प्रमाणपत्र भारतात चालण्यासाठी भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता लागते, आणि घरबसल्या केलेल्या परदेशी डिप्लोमाचं तिथे अवघड असतं. पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारा, नंतर नाही.

आमच्या पुतण्याला एका ऑनलाइन शाळेत घातलं होतं, नाव लिहीत नाही. गणवेश कुरिअरने आला, ओळखपत्र आलं, रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर प्रार्थना! नववीच्या शेवटी कळलं की दहावीसाठी त्यांनी मुलांची नोंदणी एनआयओएसमध्येच करायची ठरवली होती. म्हणजे नुसत्या शिकवणीचे आम्ही लाखात पैसे भरले, मंडळ तेच जे आपण स्वतः थोडक्या फीत घेऊ शकलो असतो. शिकवणं वाईट नव्हतं, हेही सांगतो. पण ती शिकवणी आहे, शाळा नाही, हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

एनआयओएसची केंद्रं आखातातही आहेत, इकडे कोणी वाचत असेल तर.

केंब्रिजचा पर्याय कोणी लिहिला नाही म्हणून: आयजीसीएसई, म्हणजे त्यांची दहावी, बाहेरून देता येते. भारतासाठी मार्चचं वेगळं सत्र असतं, शिवाय मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. महाग आहे. सेमी इंग्रजीतल्या मुलीला दहावीच्या वर्षात तिकडे उडी मारायला मी सांगणार नाही.

पायवाट

मी आश्रमशाळेत शिकवतो. धागा पहिल्यापासून वाचला, राहवलं नाही म्हणून लिहितो.

२०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा 'शाळा बंद पण शिक्षण सुरू' असं आम्हाला सांगितलं गेलं. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा अभ्यासाचा कार्यक्रम लागायचा, चांगला होता, पण पाड्यावर टीव्ही दोन घरात. दहावीच्या मुली रेंजसाठी टेकडीवर जाऊन बसायच्या. २०२१ ला परीक्षाच झाली नाही, मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला. त्यातल्या माझ्या ज्या मुली पास झाल्या त्यांच्यातल्या बऱ्याच जणी अकरावीला आल्याच नाहीत. लग्नं झाली. शाळेचं दार बंद असलं की मुलीसाठी घराचं दारही बंद होतं, हे इकडं राहून कळतं.

१७ नंबरचा फॉर्म ऊसतोडीला जाणाऱ्या पोरांना, कामाला लागलेल्यांना दुसरी संधी म्हणून आहे. तुम्ही जरूर भरा, कायद्याने हक्क आहे. पण तुमच्या लेकीला शाळा सोडायला मिळतेय आणि आमच्या लेकींना शाळा धरून ठेवायला मिळत नाही, एवढं फक्त बोलून ठेवतो.

ऋजुता_नाशिक

सर, तुमच्या लिहिण्याला उत्तर नाही आणि देण्याचा प्रयत्नही करत नाही. एवढंच म्हणेन की तिच्याबरोबर धावणाऱ्या दोन मुली पेठ, सुरगाण्याच्या बाजूच्या आहेत, वसतिगृहात राहतात. त्यांचंही वेळापत्रक हेच. त्यांच्यासाठी कोणी धागा काढत नाही, हे खरं.

चकली_कडबोळं

पायवाट सर, 🙏

मैदानी

उशिरा आलो. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. इतके प्रतिसाद झाले आणि मूळ मुद्द्याला कोणी हात लावला नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण मुलगी खेळाडू आहे!

ताई, शालेय क्रीडा स्पर्धा माहिती आहेत ना? तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय शालेय. त्याची प्रवेशिका शाळेमार्फत जाते, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याने. शाळेचं नाव कापलं की ती अख्खी शिडी गेली. दहावी-बारावीला राज्य मंडळ जे क्रीडा सवलतीचे गुण देतं त्याचा प्रस्तावही शाळेतूनच जातो.

दुसरी शिडी संघटनेची. जिल्हा ॲथलेटिक्स संघटना, राज्य, मग फेडरेशनच्या वयोगटाच्या स्पर्धा, १६ वर्षांखालील, १८ खालील, निडजाम (राष्ट्रीय आंतरजिल्हा ज्युनिअर स्पर्धा) वगैरे. तिथे कोणत्या शाळेत आहेस हे विचारत नाहीत, जन्मदाखला विचारतात. लांब पल्ल्यात पुढे जायचं तर खरी शिडी हीच. तुमच्या कोचला नीट विचारा, तिचं गेल्या दोन वर्षांतलं काय कुठल्या शिडीवर झालंय. शालेय राज्य स्पर्धेत पदकाची आशा असेल तर दहावीत शाळा सोडणं म्हणजे स्वतःच स्वतःला बाद करणं. सगळं संघटनेच्या स्पर्धांत असेल तर मोकळ्या आहात.

पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आहे, तिथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. कुठल्या स्पर्धेचं प्रमाणपत्र धरतात ते आत्ताच बघून ठेवा. फाइल करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत चुरगळलेली प्रमाणपत्रं घेऊन येणारे पालक पाहून पाहून थकलो.

ऋजुता_नाशिक

मैदानी सर, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. कोचनाही नाही! आजच विचारते.

नागपुरी_संत्रं

काय बाप्पा, दीड डझन प्रतिसाद झाले आन् पोरीले कोनी विचारलं का? तिले काय पाहिजे?

ऋजुता_नाशिक

विचारलंय. ती म्हणाली, "मला मराठीचा तास आवडतो, तेवढा ठेव. बाकी काय ते तू बघ." फ्लेक्सच झालं की हे.

सुगरण_मावशी

ताटावर झोपते वाचून जीव तुटला. लोह तपासलंय का? धावणाऱ्या मुलींमध्ये हमखास कमी असतं. नाचणीची आंबील, खजूर, आळीव लाडू

लातूरी_लवंगी

मावशी, शेंगदाण्याची पोळी विसरलात.

सुगरण_मावशी

ती काय विसरायची गोष्ट आहे का! आणि गूळ सेंद्रिय हवा

संपादक_मंडळ

पाककृतींसाठी वेगळा विभाग आहे. कृपया विषयाला धरून लिहावे.

नीटनेटकी

मावशींचा पहिला प्रश्न विषयाला धरूनच आहे. रक्त तपासा. कधी कधी शाळेचा दोष नसतो, हिमोग्लोबिनचा असतो.

मुक्तछंद

मी स्वतः एनआयओएसमधून दहावी आणि बारावी केली आहे. कथक करायचे म्हणून. आता बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे सगळे आईबाबाच बोलतायत म्हणून माझी बाजू.

चांगलं: विषय. मी चित्रकला आणि गृहविज्ञान घेतलं होतं आणि खरंच आवडीने केलं. पुस्तकं साधी असतात, शेवटी उत्तरंही असतात, स्वतः वाचून कळतील अशीच लिहिलेली. सत्र संपल्यावर दौऱ्यावर जाता येतं, कोणाची परवानगी काढायची नाही. दोन विषय ऑक्टोबरला दिले, तीन एप्रिलला. ताण खरंच कमी होता.

वाईट: पहिले काही महिने मी सकाळी अकरापर्यंत लोळायचे. घंटा नसली की दिवस कुठे सुरू होतो तेच कळत नाही. टीएमए शेवटच्या आठवड्यात रात्री जागून लिहिल्या. शेवटी आईने नाही, बाबांनी नाही, माझ्या गुरुजींनी शिस्त लावली. ते म्हणाले, रियाजाआधी दीड तास पुस्तक, नाहीतर घुंगरू बांधायचे नाहीत. ऋजुताकाकू, तुमच्याकडे कोच आहेत. त्यांना कामाला लावा.

एकटं वाटलं का? हो. जुन्या मैत्रिणींच्या ग्रुपवर सगळे जोक वर्गातले असायचे, मला संदर्भच कळायचे नाहीत. पण परीक्षाकेंद्रावर जी माणसं भेटली ती शाळेत कधी भेटली नसती. माझ्या मागे एक काकू होत्या, मुलाच्या दहावीबरोबर स्वतःची देत होत्या. गणिताच्या पेपराआधी त्यांनी मला पेढा दिला आणि विचारलं, "व्याजाचं सूत्र एकदा सांग गं."

आणि एक. लोक विचारतात, "का, शाळेतून काढलं का?" उत्तर तयार ठेवा. मी सांगायचे, "नाही, मी शाळेला काढलं."

बेभान_बाबा

मुक्तछंद, शेवटच्या ओळीसाठी टोपी काढली. विरोध कायम आहे, पण जरा खाली बसून.

शिरीषफूल

माझा मुलगा डिस्लेक्सिक. त्याच्यासाठी आम्हीही एनआयओएसच्याच दारात उभे होतो. मग कळलं की राज्य मंडळातही अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर जास्तीचा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर अशा सवलती मिळतात. मुंबईत सायन रुग्णालयात तपासणी होते. सवलती मिळाल्यावर तो शाळेतच रमला. ऋजुताताईंची अडचण वेगळी आहे, पण कोणी याच कारणासाठी हा धागा वाचत असेल तर आधी हे करून बघा. शाळा सोडण्याचा निर्णय नंतरही घेता येतो.

खडूफळा

शिरीषफूल, महत्त्वाचं लिहिलंत.

एक कारकुनी गोष्ट राहिली. शाळा सोडल्याचा दाखला काढायची घाई करू नका. दाखला निघाला की युडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, मुलाची नोंद ड्रॉपबॉक्समध्ये जाते आणि दुसऱ्या शाळेने उचलून घेईपर्यंत तिथेच राहते. परत यायचं ठरलं तर फेऱ्या. दाखल्यावरची जात, जन्मठिकाण, स्पेलिंग तपासा, जातपडताळणीला तोच कागद मागतात. आणि नववी पूर्ण पास होऊनच निघा. नववीचं गुणपत्रक हातात असेल तर सगळे रस्ते उघडे राहतात.

निकालाचंही लक्षात असू द्या. एनआयओएसचा एप्रिल सत्राचा निकाल साधारणतः राज्य मंडळाच्या नंतर लागतो. अकरावीला नियमित कॉलेज हवं असेल तर पहिल्या फेरीच्या वेळी गुणपत्रक हातात नसण्याची शक्यता धरून चाला.

ऋजुता_नाशिक

मंडळी, मधे गायब होते. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन खरंच कमी निघालं, गोळ्या सुरू केल्यात. मावशी, आंबीलही.

कोचशी बोलले. तिची शालेय विभागीय स्पर्धा पुढच्या वर्षी महत्त्वाची आहे, त्यांना राज्यापर्यंत जायची आशा वाटते. म्हणजे मैदानी सरांच्या हिशोबाने दहावीत नाव शाळेतच राहायला हवं.

मग मुख्याध्यापिका बाईंना भेटले. ७५ टक्के हजेरी सोडता येणार नाही म्हणाल्या, ते बरोबरच आहे. पण सकाळच्या सत्रात एक तुकडी आहे. पहाटेचा सराव संध्याकाळी सरकवला तर मधली दुपार झोपेला मिळते. स्पर्धेच्या आठवड्यांत बुडालेला भाग बाई रेकॉर्ड करून पाठवतील. एका शिक्षिकेने तर टाळेबंदीतले स्वतःचे भूमितीचे व्हिडिओ अजून जपून ठेवलेत! बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेतच, प्रवासात टॅबवर वाचेल.

अकरावी-बारावीचं मात्र एनआयओएसकडे मन झुकलंय. पुण्याच्या प्रादेशिक केंद्राकडून नाशिकमधली केंद्रं कुठली ते विचारून घेणार, आणि नीटनेटकी ताईंनी सांगितलंय तशी ती खोली उघडायला लावणार.

मैदानी

झकास. पहाटेचा सराव पूर्ण सोडू देऊ नका, रविवारी तरी ठेवा. लांबचं धावणं संध्याकाळी रस्त्यावर गर्दीत होत नाही.

नीटनेटकी

अकरावीला एनआयओएस घेताना बघा, दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रात दोन वर्षांचं अंतर लागतं. वर्ष वाचवायच्या जाहिरातींना भुलू नका.

दिल्लीदूर_नाही

म्हणजे शेवटी ऑनलाइन शाळेच्या धाग्याचा निष्कर्ष 'सकाळची तुकडी'?

लातूरी_लवंगी

आणि आंबील.

चकली_कडबोळं

सगळ्यांचं झालं असेल तर माझ्या भाचीचं सांगा. तिला खेळबिळ काही नाही. तिला फक्त गणित सोडायचंय.

खडूफळा

एनआयओएसमध्ये दहावीला गणित सक्तीचं नाही. पण त्यासाठी नवा धागा काढा, इथे माझे गणिताचे जुने सहकारीही वाचतात.